घरचा संगणक साताऱ्यात, मी सहा महिने कॅलगरीत: काम कसं चालू ठेवू?

शाईचा डाग · १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात घरूनच डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं, काम करते, बावीस वर्षं झाली. जूनच्या अखेरीस लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलगरीला चालले आहे, ती डिसेंबरात परत येईन. नेमके हेच महिने दिवाळी अंकांचे. दोन अंक आणि एक कवितासंग्रह हातात आहे. तिन्ही कामं सोडायची नाहीत असं ठरवलंय, कारण एका अंकाचे संपादक गेली चौदा वर्षं माझ्याकडेच येतात आणि ऐनवेळी त्यांना दुसरीकडे पाठवणं मला जमणार नाही.

तर घरचा संगणक तिथून चालवता येईल का, आणि भरवशाने येईल का? भाऊ शेजारच्याच गल्लीत राहतो. भाचा बारावी झालाय, रोज संध्याकाळी घरी येऊन दिवाबत्ती करणार आहे. प्रुफं तोच छापून संपादकांकडे पोचवेल.

संगणक विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, नेट फायबरचं. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला जोडणीचं ज्ञान नाही, पण सांगितलेलं नीट करते.

---

डोंगरवाट · १२ मे, रात्री १०:१५

ताई, सरळ लॅपटॉप का नेत नाही? फायली एका हार्ड डिस्कवर घ्यायच्या, झालं.

---

शाईचा डाग · १२ मे, रात्री १०:५२

तो विचार आधी केला. अडचण डाँगलची आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या यूएसबी किल्लीची. अंकांच्या जुन्या फायली पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या, फॉन्ट युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचे, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीत डाँगल खोचलेला लागतो. डाँगल एकच आहे. तो मी नेला तर भाच्याने इथे फाइल उघडली की त्याला मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसणार. शिवाय प्रवासात तो हरवला तर दुसरा मिळणं कठीण. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, म्हणजे सगळा डोलाराच जुना. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी प्रुफात ओळ सरकते, म्हणून संगणक बदलायची माझी हिंमत नाही.

---

केबलवाला · १२ मे, रात्री ११:३०

ताई, तुमचा निर्णय बरोबर आहे. मी नेटवर्कच्या कामात आहे, जरा तपशिलात लिहितो.

दुरून संगणक वापरायचे दोन प्रकार असतात आणि त्यांत लोकांची फार गल्लत होते. पहिला प्रकार म्हणजे विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी. यात तुम्ही दुरून आत शिरलात की घरच्या पडद्यावर कुलूप पडतं. भाचा समोर बसला असेल तर त्याला काहीच दिसत नाही. तो पासवर्ड टाकून आत आला की तुम्ही बाहेर. शिवाय आरडीपीने आत शिरू देण्याची सोय होम आवृत्तीत नाही, प्रो लागते. होमवरून दुसऱ्याच्या संगणकात जाता येतं, आपल्यात कोणाला घेता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे आहे तोच पडदा दुरून दिसणं. क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क ही सगळी याच पंगतीतली. या सगळ्यांच्या आधी व्हीएनसी आलं, केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात. यात तुम्ही माउस हलवला की साताऱ्यात भाच्याला तो हललेला दिसतो. तुमच्या कामाला हाच हवा.

आणि डाँगलमुळे तर नक्कीच हाच. डाँगलवाली बरीच सॉफ्टवेअरं आरडीपीतून उघडली की चालायला नकार देतात, कारण एका परवान्यावर दहा जण दुरून काम करतील ही बनवणाऱ्यांना धास्ती. पडदा दाखवणाऱ्या प्रकारात सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तुम्ही खुर्चीतच बसलेल्या असता.

परवान्यावरून आणखी एक. यातल्या काहींची फुकट आवृत्ती फक्त घरगुती वापरापुरती असते. तुम्ही पैसे घेऊन काम करता, तेव्हा अटी वाचून घ्या. काम ऐन रंगात असताना 'व्यावसायिक वापर आढळला' असं म्हणून जोडणी तुटताना मी पाहिलं आहे.

माझं मत: मुख्य म्हणून क्रोम रिमोट डेस्कटॉप. फुकट आहे, गूगलचं खातं आणि किमान सहा आकडी पिन एवढंच लागतं, आणि संगणक आपोआप बंद-चालू झाला तरी कोणी लॉगिन करायच्या आधीच ते हजर असतं. जोडीला दुसरा रस्ता म्हणून रस्टडेस्क. एकच दार ठेवून सहा महिने परदेशी जाऊ नका.

---

हिशेबनीस · १३ मे, सकाळी ८:०५

केबलवाले, एक गोष्ट ठळक लिहायला हवी म्हणून मी लिहितो. ताई, कोणी 'राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (आरडीपीचं दार) उघडून देतो, कुठूनही लागेल' म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मी कर सल्लागार आहे. कार्यालयातला संगणक घरून लागावा म्हणून एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने असंच करून दिलं होतं. पासवर्ड होता कार्यालयाचं नाव आणि पुढे १२३. पाच महिने छान चाललं. एका सोमवारी सकाळी कार्यालय उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे विचित्र अक्षरं जोडलेली, एकही उघडेना. डेस्कटॉपवर एक चिठ्ठी: फायली परत हव्या असतील तर इतके पैसे भरा. बॅकअपची डिस्क संगणकाला लावूनच ठेवलेली होती, तीही कुलूपबंद झाली. विवरणपत्रांचा हंगाम, समोर बेचाळीस अशिलांची खाती. एका पेनड्राइव्हवर मार्चअखेरची प्रत निघाली म्हणून वाचलो. एप्रिल ते जुलैच्या सगळ्या नोंदी मी आणि माझ्या सहायक मुलीने पावत्या बघून पुन्हा भरल्या. बारा दिवस लागले. पैसे भरले नाहीत.

नंतर विंडोजच्या नोंदवहीत बघितलं, तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे चुकलेल्या लॉगिनच्या ओळी पानंच्या पानं भरलेल्या. रात्री दोनला, तीनला, दर काही सेकंदांनी कोणीतरी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाने दार ढकलत होतं. हे माणूस बसून करत नाही, यंत्रं सगळ्या जगाचे पत्ते चाचपत फिरत असतात.

---

केबलवाला · १३ मे, दुपारी १:२०

हिशेबनीस, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसता पासवर्ड बळकट करून भागतं असंही नाही. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. त्यात पासवर्ड न टाकताच जुन्या विंडोजच्या आरडीपीतून आत घुसता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा आधार (सपोर्ट) कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून गांभीर्य समजा. पोर्टचा आकडा बदलून ३३८९ चा ४४४४ केला तरी यंत्रांना तो सापडतोच. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनीही लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता ताईंसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत पोर्ट उघडूनही बाहेरून काही लागत नाही. कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही अशा चाळीत राहता. चाळीच्या फाटकावर एकच पत्ता, आत खोल्या शंभर, आणि बाहेरून आलेल्या टपालाला खोली सापडत नाही.

यावर स्वच्छ उपाय म्हणजे टेलस्केल. हे आपल्या यंत्रांचं एक खाजगी जाळं बनवतं आणि वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर चालतं. घरचा संगणक, तुमचा लॅपटॉप, फोन या सगळ्यांवर टाकायचं आणि एकाच खात्याने आत जायचं. दोन्हीकडची यंत्रं स्वतःहून बाहेर येऊन एकमेकांना गाठतात, म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही. प्रत्येक यंत्राला १०० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता मिळतो आणि तो तुमच्या यंत्रांशिवाय कोणाला दिसत नाही. रस्टडेस्कला हाच पत्ता द्या, थेट लागेल.

दोन गोष्टी विसरू नका. घरच्या संगणकावर टेलस्केलच्या मेन्यूत 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर कोणी लॉगिन करेपर्यंत ते जागं होत नाही. आणि त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन त्या संगणकापुरती 'की एक्स्पायरी' बंद करा. ठरलेली मुदत १८० दिवसांची असते. तुमचा मुक्काम साधारण तेवढाच आहे. डिसेंबरात परत निघायच्या आठवड्यात दार बंद झालं तर केवढी पंचाईत.

---

जुना मॉनिटर · १३ मे, रात्री ८:४५

मी मस्कतला असतो, घर ठाण्यात, बंद. सात वर्षं घरच्या संगणकावर इथूनच काम करतो. वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण ताई, अनुभवाने सांगतो, सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात सोपा भाग. जोडणी तुटते ती वीज, झोप आणि ओटीपी या तीन ठिकाणी.

पहिल्या वर्षी मी सगळं नीट लावून आलो. अकराव्या दिवशी ठाण्यात वीज गेली, वीस मिनिटांनी आली. वीज आली, पण संगणक बंद तो बंदच, कारण वीज आली म्हणून डेस्कटॉप आपोआप चालू होत नाही. बटण दाबायला घरात कोणी नाही. किल्ली ज्यांच्याकडे होती ते शेजारी काशीयात्रेला गेलेले. सव्वातीन आठवडे मी पडद्यावर 'ऑफलाइन' हा शब्द बघत बसलो. दोन कामं हातची गेली.

उपाय एक मिनिटाचा आहे. संगणक चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा. तिथे 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाची सोय असते, बहुधा पॉवरच्या पानावर. ती 'पॉवर ऑन' करा. मग भिंतीवरचं बटण बंद करून, मिनिटभर थांबून पुन्हा चालू करा आणि हात न लावता संगणक उठतो का ते डोळ्यांनी बघा. सांगण्यावर जाऊ नका, बघा.

राउटर आणि फायबरची ती छोटी पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. बऱ्याच घरी संगणकाला यूपीएस असतो आणि राउटर साध्या सॉकेटला. वीज गेली की संगणक जिवंत, पण बाहेर जायला रस्ताच नाही. १२ व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तोही चालेल. पेटीला किती व्होल्ट लागतात ते मागच्या चिठ्ठीवर वाचून घ्या.

झोप. सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर 'स्लीप' कधीच नाही असं करा. पडदा बंद झाला तरी चालतो. अपडेटच्या पानावर 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' असतात, त्यात जास्तीत जास्त १८ तास टाकता येतात. तेवढ्या वेळात विंडोज स्वतःहून रीस्टार्ट घेत नाही. तुमचा कामाचा वेळ साताऱ्याच्या घड्याळाने काढा.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित. परदेशात गेल्यावर नव्या लॅपटॉपवरून गूगलच्या खात्यात शिरायला गेलात की ते विचारणार, 'फोनवर कोड पाठवलाय, तो टाका.' तो फोन नंबर भारतातला. रोमिंग चालू नसेल तर कोड येणार नाही आणि तुम्ही स्वतःच्या घराबाहेर उभ्या. निघायच्या आधी खात्याच्या सुरक्षा पानावरून बॅकअप कोड काढा. दहा कोड मिळतात, आठ आठ आकड्यांचे. कागदावर लिहा, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. मी तेच केलं आहे.

---

शाईचा डाग · १४ मे, सकाळी ७:१०

जुना मॉनिटर, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीला लावलाय. सव्वातीन आठवडे वाचून पोटात गोळा आला.

एक शंका. सहा महिने चोवीस तास संगणक चालू ठेवायचा? बिल किती येईल? आणि उन्हाळ्यानंतर ठीक, पण यंत्राला त्रास नाही का होणार? हवा तेव्हा उठवता येत नाही का?

---

केबलवाला · १४ मे, सकाळी १०:००

बिलाचं गणित करू. साधा डेस्कटॉप नुसता चालू असताना साधारण ५० वॅट धरा. दिवसाचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. कामाच्या वेळी थोडं जास्त. सहा महिन्यांचे दोनशेच्या वर युनिट होतात. परवडत असेल तर सरळ चालू ठेवा, त्यात सगळ्यात कमी भानगडी. यंत्राला सतत चालू असण्यापेक्षा धूळ आणि उष्णता जास्त बाधते. निघायच्या आधी उघडून पंखा साफ करून घ्या आणि मागे चार बोटं जागा सोडा.

उठवता येतं, त्याला वेक ऑन लॅन म्हणतात. गंमतीचं तंत्र आहे, मला फार आवडतं. संगणक झोपला तरी त्याच्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत असते आणि ते एका ठरावीक निरोपाची वाट बघत असतं. त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. आधी सहा वेळा एफएफ हा ठरलेला संकेत, मग त्या कार्डाचा स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. एखाद्याला गाढ झोपेतून उठवताना आपण त्याचंच नाव पुन्हा पुन्हा घेतो ना, अगदी तसं. कार्डाला स्वतःचं नाव सलग सोळा वेळा ऐकू आलं की ते संगणकाला हलवतं.

पण अटी आहेत. संगणक लॅन केबलने राउटरला जोडलेला हवा, वायफायवर बहुतेक डेस्कटॉप असे उठत नाहीत. बायोसमध्ये आणि कार्डाच्या गुणधर्मांत, दोन्हीकडे सोय चालू हवी. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, त्यामुळे पूर्ण बंद केलेला संगणक उठायला त्रास देतो. आणि मुख्य म्हणजे ही हाक घरातल्याच नेटवर्कमधून मारावी लागते, कॅलगरीहून थेट पोचत नाही. त्यासाठी घरात एक सतत जागं असणारं छोटं यंत्र लागतं, रास्पबेरी पाय किंवा तसलं काही. किंवा साधा मार्ग: भाच्याच्या फोनवर वेक ऑन लॅनचं अ‍ॅप टाका. संध्याकाळी दिवा लावायला आला की तो घरच्या वायफायवरून एक टिचकी मारेल. अर्थात तो तिथे उभाच आहे तर बटणही दाबू शकतो.

तुमच्या बाबतीत मी चालूच ठेवा म्हणेन.

---

खाडीकाठ · १४ मे, रात्री ९:३०

विषयाला धरून पण जरा वेगळ्या बाजूने लिहितो. आई रत्नागिरीला एकटी, मी पुण्यात. तिच्या संगणकाचं सगळं मीच दुरून बघतो. पेन्शनचा दाखला, फोटो, वीजबिल.

सुरुवातीला एकदा तिला न सांगता मी आत शिरलो. दुपारची वेळ, ती झोपली असेल असं धरलं होतं. ती समोरच बसली होती. बाण आपोआप फिरायला लागला, खिडक्या उघडायला लागल्या. तिने घाबरून मागचा प्लग ओढला आणि शेजारच्या वहिनींना हाक मारली. मला फोनवर म्हणाली, 'अरे, कुणीतरी आत आहे.' ते वाक्य अजून कानात आहे. त्या दिवसापासून नियम: आधी फोन करायचा, 'आई, येऊ का?' विचारायचं, तिने 'ये' म्हटल्यावरच जोडायचं. काम झालं की 'निघतो' म्हणून सांगायचं. संगणक तिचा आहे. ताई, भाच्यालाही हे आधी सांगून ठेवा, आणि भावाच्या घरातल्या सगळ्यांना.

याच नियमामुळे पुढे ती वाचली. एके दिवशी बँकेतून बोलतोय असं सांगून एकाचा फोन आला. तुमचं खातं बंद पडेल, एक अ‍ॅप घ्या आणि त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर सांगा. आईने अ‍ॅप उतरवलंही होतं. पण तो माणूस 'येऊ का' म्हणाला नाही, नुसता 'नंबर सांगा, नंबर सांगा' करत राहिला. तिला खटकलं, तिने फोन ठेवून मला लावला. एनीडेस्क वापरून असे गंडे घातले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना दिला होता. अ‍ॅप वाईट नसतं, मीही तेच वापरत होतो. नंबर कोणाच्या हाती जातो यावर सगळं आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांनी १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात कळवणं फार मोलाचं ठरतं.

---

हिशेबनीस · १४ मे, रात्री १०:०२

'येऊ का' हा नियम आमच्या कार्यालयात उद्यापासून.

---

पाटीपेन्सिल · १५ मे, दुपारी ३:१५

मी पण अक्षरजुळणीतलीच, म्हणून फक्त कळफलकाबद्दल लिहिते. ताई, यावर कोणी बोललं नाही आणि पहिल्याच दिवशी तुम्ही इथे अडकाल.

तुमच्या कॅलगरीच्या लॅपटॉपवर मराठी कळफलक चालू ठेवलात तर 'क' दाबल्यावर तिकडे युनिकोडचा 'क' जायला बघतो. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही. कधी चौकोन उमटतो, कधी प्रश्नचिन्ह, कधी काहीच नाही. लॅपटॉपवर इंग्रजी यूएस कळफलकच ठेवायचा. फक्त कोणती कळ दाबली एवढंच तिकडे जाऊ द्या, मराठी करायचं काम साताऱ्यातल्या सॉफ्टवेअरला करू द्या. अ‍ॅपमध्ये कळफलकाचे दोन-तीन प्रकार निवडता येत असतील तर प्रत्येकाने एक परिच्छेद टाइप करून बघा. जोडाक्षरं आणि रफार मुद्दाम घ्या. मी 'कर्तृत्व', 'दुर्भिक्ष्य' आणि 'ऱ्हस्व' यांवर तपासते. हे तीन नीट उमटले की बाकी येतं.

आणि माउसचं. इतक्या लांबून हात हलवल्यापासून बाण हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. नेटचा वेग वाढवून हे कमी होत नाही, अंतरच तेवढं आहे. चौकट माउसने धरून ओढू नका, पुढे जाते, मग मागे, मग पुन्हा पुढे. बाणांच्या कळांनी सरकवा, किंवा पेजमेकरच्या कंट्रोल पॅलेटमध्ये (जागा आणि माप दाखवणाऱ्या पट्टीत) सरळ आकडा टाका. भिंतीचं चित्र काढून साधा रंग ठेवा, तेवढाच भार कमी.

---

शाईचा डाग · १ जून, रात्री ११:२०

सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून संपवलं. मग रंगीत तालीम म्हणून चार दिवस पुण्याला मावशीकडे जाऊन राहिले आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून काम केलं. मावशीच्या वायफायवरून नाही, मुद्दाम.

सापडलेल्या चुका लिहिते, कोणाला उपयोग होईल. बायोसमध्ये सोय चालू केली होती, पण जतन न करताच बाहेर पडले होते. भाच्याला भिंतीवरचं बटण बंद करून चालू करायला सांगितलं, संगणक उठला नाही. त्याने फोनवर मला पडदा दाखवला, मी सांगितलं तसं एफ १० दाबून जतन केलं, मग उठला. दुसरं, वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. म्हणजे आमचीही चाळच, पोर्टचा प्रश्नच मिटला. तिसरं, रफार क्रोममधून बरोबर येतो पण रस्टडेस्कमधून आधी येत नव्हता. कळफलकाचा प्रकार बदलल्यावर आला. पाटीपेन्सिल, 'दुर्भिक्ष्य' एकदम स्वच्छ उमटलं.

बॅकअपसाठी हिशेबनीसांचं ऐकून दोन डिस्क घेतल्या. भाचा दर रविवारी एक लावणार, प्रत घेऊन काढून स्वतःच्या घरी नेणार, पुढच्या रविवारी दुसरी. संगणकाला कायम जोडलेली एकही नाही.

---

केबलवाला · २ जून, सकाळी ९:४०

तालीम फोनच्या नेटवरून केलीत हे सगळ्यात चांगलं. घरात बसून घरच्याच वायफायवर तपासतात आणि चाललं म्हणून निघतात, अशी माणसं मी बरीच पाहिली आहेत. भाच्याला दोन्ही पेट्यांवर चिठ्ठ्या लावून द्या: कोणती आधी बंद करायची, किती वेळ थांबायचं, कोणती आधी चालू. फोनवरून 'ती काळी पेटी, नाही नाही दुसरी काळी' हे फार वेळ खातं.

---

शाईचा डाग · २३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

कॅलगरीहून लिहितेय. नात झाली, १९ जुलैला. दोघी छान आहेत.

इथे आणि तिथे साडेअकरा तासांचा फरक. बाळ रात्री आठला झोपलं की साताऱ्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडते, भाच्याला संदेश टाकते, 'येऊ का?' तो 'ये आत्या' लिहितो, मग माझा पडदा उघडतो. डाव्या कोपऱ्यात तीच फोल्डरं, त्याच क्रमाने. पहिल्या रात्री काही न करता मी नुसती बघत बसले होते.

गेल्या मंगळवारी साताऱ्यात मोठा पाऊस झाला. माझा पडदा गोठला, मग 'ऑफलाइन'. इन्व्हर्टर तर आहे, म्हणजे पुढे केबलच तुटली असेल असं वाटून मी उठले, बाळाचे कपडे घड्या घालत बसले. चाळीस मिनिटांनी परत बघितलं तर हिरवा ठिपका. भाचा कॉलेजात होता, घरी कोणीच नव्हतं. वीज इन्व्हर्टर उतरेपर्यंत गेलेली होती, आली तसा संगणक आपला आपण उठला. टेलस्केल हजर, क्रोम हजर. पेजमेकरची फाइल उघडी राहिली होती ती शेवटच्या जतन केलेल्या ठिकाणी मिळाली. दर पानाला कंट्रोल-एस दाबायची बावीस वर्षांची सवय कामी आली. जुना मॉनिटर, मनापासून आभार. बॅकअप कोडही एक वापरावा लागला, लेकीच्या लॅपटॉपवरून शिरताना.

काल पहिल्या अंकाचं दुसरं प्रुफ काढलं. इथून प्रिंट दिलं, फोन लावून ठेवला होता, त्यात प्रिंटरने कागद ओढल्याचा आवाज आला. भाचा पानं मोजत होता. संपादक संध्याकाळी येऊन घेऊन गेले.

पान ९७ वर एका कवितेची शेवटची ओळ अजून पुढच्या पानावर उडी मारतेय. ते आज रात्री बघते.